कापसात हात घालणारे पुंजाजी

पुंजाजींनी आयुष्यभर लोकांच्या कापसात हात घातला. खामगावच्या एका जिनिंगमध्ये ते माल पाहायला होते. गाडी फाटकात आली की बाही वर करायची, कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतला कापूस ओढून गालाला लावायचा आणि गाडीवाल्याच्या डोळ्यांत पाहून विचारायचं, "पाणी कोनं मारलं बे यावर?" वजन वाढवायला कोणी ना कोणी मारलेलं असायचंच. नोकरी संपली, सवय राहिली. दूधवाल्यापासून जावयापर्यंत पुंजाजींना सगळेच ओले वाटत.

आणि आता बायकोसुद्धा.

वडनेर भोलजीतलं घर विकायचं आणि अकोल्याला लेकीजवळ, समीक्षाच्या गल्लीत, छोटंसं घर घ्यायचं, इथपर्यंत दोघांचं जमलं होतं. बिनसलं ते भावावर. पुंजाजी म्हणत तीस लाख. शेजारच्या नारायणरावांचं याहून लहान घर एकोणतीसला गेलं होतं. वच्छलाबाई म्हणत सव्वीस.

"सव्वीस कायले? घर काय चोरीचं हाये?"

"अकोल्याचं घर पंचवीसात होऊन राह्यलं. वरचे काय छातीवर बांधून नेता?"

नवरा-बायकोची कटकट म्हणून हे चालून गेलं असतं. पण शाळेतले धवल मास्तर आणि त्यांची बायको पूनम घर पाहायला आले, तेव्हा पुंजाजी चष्मा शोधेस्तोवर बाई 'सव्वीस' बोलून मोकळ्या झाल्या. मग हायवेवरचा ढाबेवाला गोविंदा आला. त्यानं आपणहून बत्तीस म्हटलं, तर त्याच बाई त्याच्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या,

"चाळीस."

गोविंदा चहा तसाच ठेवून उठला.

पुंजाजींच्या हाताला मुंग्या आल्या. एकाले सव्वीस, दुसऱ्याले चाळीस? ही मास्तरीण हल्ली मागच्या भिंतीशी हिच्यासंग कुजबुजत असते, आपण गेलो की दोघी गप्प होतात. मास्तरानं हिला वेगळे पैसे दिले. दिलेच असणार. ठेवले कुठे?

बाई देवळात गेल्या तसे ते स्वयंपाकघरात शिरले. गव्हाची कोठी उघडली, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात खुपसला. गहू. अजून खाली. गहूच.

"काय जी, ओलं लागलं का?"

दारात वच्छलाबाई. हातात प्रसादाची वाटी.

पुंजाजींनी हात काढलाच नाही. "किती देले तुले मास्तरानं?"

बाई चिडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "या मागं."

मागच्या भिंतीवरून बोअरचा पाइप बाहेर गल्लीत काढलेला होता. त्याला नळ होता, नळाखाली पाण्याचा गुंड, आणि गुंडामागे बायांची रांग.

"इथं सगळ्यांच्या बोअरले खारं पानी. आपलंच गोडं. ह्या बाया कईपासून भरून राह्यल्या, तुमाले मालूम हाये."

"मालूम हाये. मंग?"

"गोविंदाले इचारलं, पाइपाचं काय करसान? म्हने, तोडून टाकतो काकू, कॅन भरतो, ढाब्यावर इकतो. पूनम म्हने, राहू द्या, आमालेबी कोनाचं तरी पानी प्यावंच लागलं ना इतके दिवस. मंग दोघाईले एकच भाव कसा सांगू?"

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुमी म्हटलं असतं, पान्याआड काहीतरी दुसरंच शिजून राह्यलं."

पुंजाजी नेमकं तेच म्हणणार होते.

रविवारी मास्तर पूनमला घेऊन पुन्हा आले. या खेपेला पुंजाजी चष्मा लावूनच बसले होते.

"अठ्ठावीस. अन् पाइप राहीन, असं इसारपावतीत लिवा."

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, पण दोन लाखांवरून काही बोलल्या नाहीत. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालते, काकाजी."

मंडळी फाटकाबाहेर पडली. पुंजाजी कितीतरी वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभे होते.

"वच्छले, हे इतक्या लवकर हो काऊन म्हनले?"

"त्याइच्याबी कापसात हात घालता का आता?"

पुंजाजींनी नकळत वर सरकवलेली बाही खाली ओढली. बटण मात्र लावलं नाही.