ऐकल्याचं सोंग

दोन वर्षांपासून माझे कान जात होते आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शिक्रापूरच्या एका खासगी दवाखान्यात मी सिस्टर आहे. पाळी बदलताना दुसऱ्या सिस्टर पेशंटची माहिती सांगायच्या, मी मान हलवायचे आणि नंतर गुपचूप फाइल वाचून घ्यायचे. बहिरी सिस्टर कोण ठेवून घेईल, या एकाच भीतीनं जीव अर्धा झाला होता. रोज निघताना रासाईदेवीला हात जोडायचे, आई, आजचा दिवस निभावून ने.

एका दुपारी निभावलं नाही. इनामगावचे एक आबा जुलाबानं गळून ॲडमिट झाले होते. त्यांना संडासला जायचं होतं. त्यांनी बेल दाबली, हाका मारल्या. मी चार पावलांवर पाठमोरी बसून लिहीत होते. शेवटी ते स्वतःच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. इन्चार्ज मॅडमनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मी दुसऱ्या पेशंटजवळ होते, वॉर्डातल्या मावशींनी तिथं थांबायला हवं होतं. खरं तर मावशींना रक्ताचे नमुने घेऊन लॅबला मीच पाठवलं होतं. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांना घरी बसवलं, कामावरून काढायचं ठरलं. तरी मी गप्पच. मी इतकी नीच असेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी सुट्टी होती. वडगाव रासाईला, देवीच्या देवळात गेले. आरती चालू होती, घंटा हलताना दिसत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. वाटलं, हिनंही आपल्याशी बोलणं टाकलं. बाहेर पायरीवर येऊन बसले. घरी जावंसंही वाटेना.

कुणीतरी समोर येऊन उकिडवं बसलं. आधी माझ्या गुडघ्याला हात लावला, मग बोललं. मावशी होत्या, ओटी भरायला आलेल्या. सावकाश, ओठ नीट हलवत त्या म्हणाल्या,

"सिस्टर, मला ठावं हाय. वरीस झालं, तुमच्या पाळीला बेल वाजली की मीच पळतीय."

मला रडू आवरेना. मग मॅडमना का नाही सांगितलं, असं विचारलं.

"तुमचं हाय ते. तुमीच सांगायचं."

प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवून त्या निघून गेल्या. त्या नेमक्या तेव्हाच तिथं कशा आल्या, याचा मी फार विचार करत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मॅडम भयंकर संतापल्या, ते बरोबरच होतं. मावशी कामावर आल्या. मला का ठेवलं, हे अजून मला कळलेलं नाही. आता बेलबरोबर माझ्या टेबलावर दिवा लागतो आणि सगळ्याजणी समोर उभ्या राहून, मास्क खाली घेऊन बोलतात. कान आणखीच गेलेत. आईनं ते दिले नाहीत. माणसं दिली, ती तर आधीपासूनच होती, त्यासाठी मी तिची ऋणी आहे.

नंतर इनामगावला आबांच्या घरी गेले. ते अजून धरल्याशिवाय उभे राहत नाहीत. खाटेशी बसून सगळं कबूल केलं. आबा माझ्याकडे तोंड करून म्हणाले,

"आधी सांगायचं न्हाई व्हय, पोरी? हाका कशाला मारल्या असत्या? तांब्या फेकून मारला असता की."

मला हसता आलं नाही. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. रासाईपुढंही ते कधी इतकं खाली गेलं नव्हतं.