हॅमवरचा गूळ

तुम्ही पत्रात विचारलंत, आजी, अंधेरीच्या घरात ओव्हन नसताना तू हॅम भाजलंस कसं? कृती देते. पण ही हसतखेळत ऐकायची गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पन्नासच्या दशकातला नाताळ. तुमच्या आजोबांच्या इंग्रज साहेबानं भेट म्हणून खारवलेली डुकराची अख्खी तंगडी घरी पाठवली. वर निरोप, रविवारी दुपारी मडमेला घेऊन जेवायला येतो. आजोबांना नाही म्हणता आलं नाही. ते त्यांना कधी कुणालाच म्हणता आलं नाही.

आमच्याकडे मासे रोज शिजायचे आणि रविवारी मटण. पण डुक्कर म्हटल्यावर सासूबाई स्वयंपाकघराचं दार अडवून उभ्या राहिल्या.

"कॉन्व्हेंटात हेच शिकवलं का गं तुला?"

"साहेब तुमच्या मुलाचा आहे, माझा नाही."

"त्यातलं काहीही माझ्या स्वयंपाकघराला शिवलं, तर तुझ्या हातचं पाणी घेणार नाही. मरतानासुद्धा नाही."

"शिवणार नाही," मी म्हटलं. माझ्या शब्दाचा मला फार अभिमान होता.

मी अॅल्युमिनियमचं नवं पातेलं आणि वेगळी सुरी आणली. मागच्या गावठाणात एक ख्रिस्ती शेजारीण होती. तिच्या अंगणात मातीची भट्टी होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "घेऊन ये बाय, नाताळात ती तापलेलीच असते. सासूला पण आण चाखायला!" आणि खो खो हसली. मला हसू आलं नाही.

तिच्याकडेच तंगडी रात्रभर पाण्यात ठेवली. त्यानं खार उतरतो. मग मंद आचेवर उकडली, कातडं सोललं, चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या तिरप्या रेघा मारल्या आणि प्रत्येक चौकटीत एक लवंग खोचली. गूळ, मोहरीची पूड आणि अननसाचा रस आटवून त्याचा थर दिला, वर अननसाच्या चकत्या बसवल्या. थर तीनदा द्यावा लागतो. गुळाचा खडा मी घरून वाटीत नेला होता. तिसऱ्या थराला कमी पडेलसं वाटलं, म्हणून चरबी चिरलेल्या सुरीनंच आणखी थोडा खरवडला. उरलेला खडा वाटीतून घरी आणला आणि डब्यात टाकला. उरलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची, ही माझी लहानपणापासूनची सवय.

पाहुण्यांना व्हरांड्यात वाढलं, तेही शेजारणीच्या ताटांतून. मडमेनं अननस ताटाच्या कडेला सारला आणि आमचा खानसामा याहून बरं करतो, असं मला ऐकवलं. आत कडी लावून सासूबाई भांडी आपटत होत्या. जेवण संपेपर्यंत एकही भांडं गप्प बसलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी रोजच्यासारखा देवापुढे गूळखोबऱ्याचा नैवेद्य ठेवला, प्रसाद तोंडात टाकला आणि चहाला येऊन बसल्या. आजोबा खुशीत होते.

"आई, त्या हॅमवरचा गूळ काय चकाकत होता म्हणून सांगू!"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "गूळ? कुठला गूळ?"

मला खोटं बोलता आलं असतं. "घरातलाच," मी म्हटलं.

"आणि उरला तो?"

"डब्यात ठेवला."

त्या मोरीकडे धावल्या आणि घशात बोटं घालून ओकल्या. पदरानं तोंड पुसत परत आल्या. "मुद्दाम केलंस."

"मुद्दाम करायचं असतं, तर हॅमच वाढलं असतं तुम्हाला."

हे बोलायला नको होतंस, असं आजोबा नंतर म्हणाले. मला आजही तसं वाटत नाही. त्या वेळी मात्र ते वर्तमानपत्राआड गेले होते.

सासूबाईंनी देव धुतले, डबा उकिरड्यावर फेकला आणि आपली शेगडी मागच्या पडवीत मांडली. त्यानंतर त्यांनी शेवटपर्यंत स्वतःचा भात स्वतः शिजवला. ताप असला की उपाशी राहायच्या, पण माझ्या ताटाकडे बघायच्या नाहीत. मीही दुसऱ्यांदा विचारायला गेले नाही.

शेवटच्या दुखण्यात डॉक्टर म्हणाले, घोट घोट पाणी द्या. आजोबा बाहेर गेले होते. घरात मी एकटीच. पेला सासूबाईंच्या ओठांना लावला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मी पाणी मोरीत ओतलं, पेला घासला आणि जागेवर ठेवला.