शेऱ्याचा रकाना

भिसेगावच्या ओटीवर बसून युरोपातल्या सात देशांवर रोज नेमाने संतापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. मुंबईच्या एका गोऱ्या पेढीत ते तीस वर्षं हिशेबनीस होते. तिथे रद्दीत निघालेले परदेशी कंपन्यांचे ताळेबंद त्यांनी ट्रंका भरभरून घरी आणले, आणि कुठल्या देशातली कंपनी शंभराच्या भांडवलावर किती कमावते याचा एक अवाढव्य तक्ता मांडायला घेतला. त्यापायी भाताच्या कणग्या पडवीत गेल्या नि माजघरात बेल्जियम आला. "आमच्याकडे उंदीरसुद्धा फ्रान्स खातात," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

आतोबांचा राग जेवताना विशेष चढे. "जर्मन ताळेबंदात आपलं अख्खं यंत्र एका मार्काचं दाखवतो! एका मार्काचं! आणि हा इंग्रज पडकी गोदामंही खरेदीच्या भावाने मिरवतो. कुणी कर भरून नफा सांगणार, कुणी भरण्याआधी, आणि म्हणे तुलना करा!" एवढं बोलून ते आमटीची वाटी दूर ढकलत. आत्या ती पुन्हा पुढे सरकवी. महायुद्ध लागलं तेव्हा सगळं कर्जत रॉकेलसाठी हळहळत होतं आणि आतोबा टपाल बंद पडून हॉलंडचे ताळेबंद येईनात म्हणून.

युद्ध संपलं आणि त्यांचा जुना साहेब विलायतेला परत निघाला. तक्ता सोबत नेतो, तिकडे छापवतो, असा त्याचा शब्द होता. अकरा वर्षांच्या संतापाचं चीज व्हायची आतोबांना ही एकच संधी. स्वच्छ प्रत करण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी खालापूरच्या कचेरीत नक्कल-कारकून, आणि माझ्या अक्षराचा निदान मला तरी फार गर्व. तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता, बाकी साऱ्या रकान्यांहून रुंद. कचेरीत शेरा वाचणारा माणूस मी पाहिलाच नव्हता. त्यात आतोबांनी दिलेला कागद पुरेना. मी तो रकाना गाळला, समास सुबक सोडला आणि पाकीट परस्पर साहेबाच्या मुंबईच्या पत्त्यावर टपालात टाकलं.

पंधरवड्यात साहेबाचं उत्तर आलं: तक्ता फारच सुटसुटीत झाला आहे, कोण पुढे कोण मागे ते एका नजरेत कळतं, छापायला देतो. मी पेढे घेऊन पळत गेलो.

"सुटसुटीत?" आतोबांचा आवाज चिरका झाला. "माझा तक्ता? शेरे कुठायत रे?"

मी सांगितलं. पेढ्यांचा पुडा अंगणात गेला. तिथे गडी धोंडूबा भात मापत होता. आतोबांनी त्याच्या हातातली पायली ओढली, काठावर ढीग राहील अशी शीग लावून भरली, ओतली. मग पुन्हा भरून वरून फळी फिरवून सपाट केली.

"धोंडूबा, आधीची किती?"

"येक पायली."

"आणि ही?"

"ती बी येकच."

"म्हणजे दोन्ही सारख्या?"

"नाय वो मालक! शीग कुटं नि सपाट कुटं! शेंबड्या पोराला बी कलंल."

"या कारकुनाला कळत नाही!" आतोबांनी फळी माझ्यावर रोखली. "अकरा वर्षं मी कुणाची शीग, कुणाची सपाट, तेवढंच शेऱ्यात लिहीत बसलो, आणि तू माझ्यावरच फळी फिरवलीस!"

'छापू नये' अशी त्यांनी तार ठोकली. शेरे उतरवून होईपर्यंत साहेबाची बोट सुटली होती. पुढे पत्राला उत्तर आलं नाही. वर्षभर आतोबा माझ्याशी बोलले नाहीत; मी गेलो की फक्त स्वित्झर्लंडला शिव्या देत.

ते गेल्यावर आत्याने ट्रंक माझ्या स्वाधीन केली. मूळ तक्त्याच्या तळाशी, सगळ्या देशांखाली, एक ओळ नवीन होती. 'नक्कल: भाचा. अक्षर उत्तम.' पुढे शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात: 'कागद कमी दिला होता. दोष सगळा त्याचा धरू नये.'