बीर कंपनीचे शिलेदार

कंपनी चालू होती तोवर गेटातून बाटल्या बाहेर पडायच्या. बंद पडल्यापासून नुसते किस्से बाहेर पडतात, आणि त्यांना ना बॉयलर लागतो ना लायसन! गेटसमोरच्या कॉफीच्या टपरीवर आम्ही जुने लोक रोज जमतो. पितळी टंबलरातली कॉफी अर्धी होते न होते तोच कुणीतरी म्हणतो, "अरे, ते आठवतं का?" झालं! मग घरून फोन येईपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

आधी एक सांगून टाकतो. आम्ही घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलणारे कुंभकोणमचे लोक. इथं बिअरला 'बीर' म्हणतात. नाचियारकोविलच्या रस्त्याला उंच चिमणी दिसली की समजायचं, बीर कंपनी आली. बस स्टॉपला तेच नाव, पोस्टमनला तेच नाव ठाऊक, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा तेच!

*

एकदा मरुदानल्लूरहून भजन आटपून आम्ही आठ जण बसमध्ये चढलो. सगळ्यांच्या कपाळाला गंध, हातात टाळ, आणि माझ्या काकांच्या मांडीवर विठोबाचा फोटो. काकांनी ठणकावून तिकीट मागितलं, "बीर कंपनी, आठ!"

कंडक्टर नवा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, आणि हात जोडून हळूच म्हणाला, "सामी, ती बंद पडून पंधरा वर्षं झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

*

सौंदर बॉयलरवर होता. दुपारी बाराचा भोंगा द्यायचं काम त्याचं. आमची अख्खी गल्ली त्या भोंग्यावर भात उतरवायची. कंपनी बंद झाली त्या दिवशी मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तर माझी बायको रुक्मा विचारते, "ते सगळं सरी, पण आता भात कशावर उतरवू?"

सौंदरनं हे ऐकलं मात्र! दुसऱ्या दिवसापासून बाराच्या ठोक्याला तो टपरीसमोर उभा राहून तोंडानंच भोंगा देतो, "पूंऽऽऽऽ!" आता त्याचे पुढचे दोन दात गेलेत. रुक्माची तक्रार आहे, "दात पडल्यापासून भात जरा गिचका होतो."

*

माझं काम बाटल्या बघायचं. धुतलेल्या रिकाम्या बाटल्या उजेडासमोरून सरकत जायच्या. तडा दिसला, कचरा दिसला की बाजूला काढायची. एकोणीस वर्षं हेच केलं, आणि प्यायलो मात्र एक थेंब नाही. भजनी घराणं आमचं!

पण हाताला खोड लागली ती लागलीच. अजूनही पेला समोर आला की मी तो आधी उजेडाकडे धरतो. एका लग्नात मी यजमानांनी दिलेले पाण्याचे चार पेले परत केले. पाचवा घेऊन नवरीचा बाप स्वतः आला आणि म्हणाला, "हा पास करा हो, नाहीतर मुहूर्त जाईल!"

*

आमचा वॉचमन मरुदमुत्तू अजून ड्यूटीवर आहे. मागची भिंत कधीच पडली आहे, गाई तिकडून आत-बाहेर करतात, पण पुढच्या गेटला कुलूप आणि मरुदमुत्तूच्या हातात काठी. एकदा मालक स्वतः जागा बघायला आले. मरुदमुत्तू म्हणाला, "पास?"

"अरे, मी मालक!"

"मालकांचीच ऑर्डर आहे, सार. पासशिवाय कुणाला सोडायचं नाही."

मालक मुकाट्यानं मागे गेले आणि पडक्या भिंतीवरून आत उतरले. मरुदमुत्तूनं तिथल्या तिथं वळून कडक सॅल्यूट ठोकला, "वणक्कम, सार! आता आत आलात, म्हणजे विचारायचा प्रश्नच नाही."

हसतो आम्ही त्याला. पण खरं सांगू? तो उभा असतो म्हणून आम्हाला अजून कंपनी आहे असं वाटतं.

*

आता आमच्या वासंतीचं ऐका. एकुलती एक मुलगी, नोकरीला बेंगळूरला. तिथं पुण्याच्या मोहित्यांचा अमेय तिला आवडला, तिची पसंती आम्हाला पसंत. घोडं अडलं ते मुलाच्या आईपाशी. बाईंनी फोनवर रुक्माला सांगितलं, "आमच्या घरात चार पिढ्या कुणी दारूला शिवलेलं नाही. मागचं एक स्थळ मुलीच्या मामाचं परमिट रूम निघालं म्हणून मोडलं. तुमचे हे काय करायचे?"

"कंपनीत होते," रुक्मा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवून दिला!

ते लोक घर बघायला येणार ठरलं. वासंती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अप्पा, एक दिवस. फक्त एक दिवस त्या कंपनीचं नाव कुणी काढू नका." तिचे डोळे भरले होते. मी टपरीवर जाऊन सगळ्यांना शपथ घातली. मरुदमुत्तूला दोनदा बजावलं. टॅक्सीवाल्याला सांगायचं मात्र राहिलं.

आम्ही तिघं गेटासमोरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाट बघत होतो, तर टॅक्सी थेट गेटापाशी थांबली आणि ड्रायव्हर मोठ्या अभिमानानं ओरडला, "बीर कंपनी आली, सार!"

वासंतीनं डोळे मिटून घेतले. मोहितेसाहेब खाली उतरले. जाडजूड मिशा, इतिहासाचा भारी नाद. "बीर?" ते पुटपुटले, "बीर... अगं, वीर! आपण वीर म्हणतो. यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, हे अजून बीर म्हणतात! वीरांची कंपनी! इथं आपल्या मराठ्यांची पलटण होती!"

आणि त्यांनी बूट काढले हो!

"हा टेहळणीचा बुरूज का?" त्यांनी चिमणीकडे बोट केलं.

"वरून धूर निघायचा," मी म्हणालो. यात खोटं काय?

मोहितेबाईंनी विचारलं, "तुम्ही इथंच होतात? काम काय?"

"तपासणी. समोरून जाणारा एकेक उजेडात बघायचो. जरा फुटका वाटला की बाजूला."

"फितुराला क्षमा नाही!" मोहितेसाहेब गरजले.

मरुदमुत्तू काठी टेकून उभा होता. मोहितेसाहेबांनी कापऱ्या आवाजात मला सांगितलं, "यांना विचारा, इथं किती पडले?"

मी तमिळमध्ये विचारलं. मरुदमुत्तूनं कंपनीचं नाव न काढता प्रामाणिकपणे सांगितलं, "रोजचे चार-पाच. दिवाळीला जास्त."

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

"अरेरे! मग त्यांचं काय व्हायचं?"

"घरचे येऊन उचलून न्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा इथंच हजर!"

"ऐकलंस?" मोहितेसाहेबांनी डोळे पुसले. "याला म्हणतात जिद्द!" मोहितेबाईंनी गेटाला हात जोडले. वासंती तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. रडतेय की हसतेय, मला कळेना.

तेवढ्यात बारा वाजले. सौंदरनं टपरीसमोरून भोंगा दिला, "पूंऽऽऽऽ!"

"रणशिंग!" मोहितेसाहेब अटेन्शनमध्ये उभे राहिले.

मोहितेबाईंनी वासंतीला जवळ घेतलं. "ठरलं. सून आणीन तर याच घरची!" रुक्मा तशीच पळाली, तिचा भात राहिला होता. मला तर इतकं भरून आलं की जेवताना मी पेला उजेडाकडे न धरताच पाणी प्यायलो.

निघायच्या आधी मोहितेसाहेब मला पडक्या भिंतीमागे घेऊन गेले. गवतात आमची एक तपकिरी बाटली पडली होती. त्यांनी ती उचलली, उजेडाकडे धरली, उरल्यासुरल्या लेबलावरून हळूच अंगठा फिरवला आणि माझ्या कानाशी लागले.

"व्याहीबुवा, या पलटणीची एक तुकडी पुण्यातही आहे. दर शनिवारी जमते. मीच तिचा सुभेदार. पण हिला कळता कामा नये!"