भोंगामामांची वाकडी तोंडं

वस्तीत कोणाकडेच गजराचं घड्याळ नव्हतं, कारण भोंगामामा होते. भाजीची गाडी कोपऱ्यावरून वळली की त्यांची पहिली आरोळी तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची आणि पांघरुणं आपोआप बाजूला व्हायची. "पालक घ्या पालक! हाडं लोखंडाची होतील! भोपळा घ्या, गालांवर लाली चढेल!" मामा इतकं जीव तोडून सांगायचे की माणूस कांदे घ्यायला खाली उतरायचा आणि भोपळा घेऊन वर जायचा.

मामांनी स्वतः मात्र लग्नापासून पालेभाजीला तोंड लावलेलं नव्हतं. बटाटा सोडला तर कुठलीच भाजी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मामी ताटात भाजी वाढायच्या, मामा ती पोळीखाली दडपायचे आणि गाडी घेऊन निघाले की आधी बेकरीवाल्याकडे लोणी लावलेल्या पावावर ताव मारायचे. हे गुपित मामींना आणि बेकरीवाल्याला ठाऊक होतं. मामांच्या पोटालाही ठाऊक असावं, कारण ते सदऱ्याच्या बटणांशी रोज भांडायचं.

त्या वर्षी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वस्तीतल्या मुलांच्या दंडांना रंगीत पट्टी लावून पाहिली. दंड चांगला भरलेला असेल तर पट्टी हिरव्यावर थांबते, बारीक असेल तर पिवळ्यावर, आणि फारच बारीक असेल तर लाल रंगावर. वस्तीत हिरवा रंग शोधून सापडेना. दवाखान्यातून पौष्टिक पिठाची पाकिटं यायची, पण मुलं ते पीठ एकमेकांच्या डोक्यावर उधळायची. नर्सबाई हट्टाला पेटल्या. त्यांनी सगळ्यांना वस्तीच्या सभागृहात बोलावलं आणि कामं वाटून टाकली. बेकरीवाल्याने पाव द्यायचा, अंडीवाल्या मावशींनी अंडी, मामांनी भाजी, आयांनी आळीपाळीने स्वयंपाक करायचा.

"आणि मुलांना जेवायला बसवणार कोण?" बेकरीवाल्याने विचारलं.

सगळ्या माना एकदम मामांकडे वळल्या. मामांची छाती फुगली. "माझ्यावर सोडा! एका हाकेत ताटं चाटूनपुसून लख्ख!"

पहिल्या दिवशी भोपळ्याचं सूप होतं. मामांच्या हाकेने मुलं तर आलीच, पण शेजारच्या वस्तीतली दोन कुत्रीही आली. मामांनी भोपळ्याचे असे गोडवे गायले की अंडीवाल्या मावशींच्या तोंडाला पाणी सुटलं. मुलं मात्र वाट्यांकडे बघत ढिम्म बसून राहिली.

पुढच्या ओळीत एक काटकुळी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. पट्टी तिच्या दंडावर लाल रंगावर थांबली होती, जीभ मात्र कुठेच थांबत नसे. ती म्हणाली, "मामा, आधी तुम्ही खा."

"मी घरून पोटभर जेवून आलोय, बेटा."

"काहीही काय सांगता, अहो!" मामी मागून म्हणाल्या. "घरी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नाही तुम्ही." मामींच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं असं समाधान पसरलं होतं.

मामांनी चमचा उचलला, डोळे मिटले आणि सूप तोंडात ओतलं. पण गिळवेना. गाल फुगले, भुवया टाळूकडे सरकल्या, एक कान हलला आणि मिशा दोन दिशांना गेल्या. शेवटी नर्सबाईंनी मुद्दाम विचारलं, "कसं झालंय, मामा?" उत्तर द्यायला तोंड रिकामं करणं भाग होतं. मामांनी गटकन गिळलं आणि ते चिरक्या आवाजात म्हणाले, "झकास!"

मुलं हसून हसून लोळली. "पुन्हा! पुन्हा!"

"एक चमचा तुम्ही खा, मग एक मी," मामा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. त्यांना वाटलं होतं, मुलं नाही म्हणतील आणि आपली सुटका होईल. पण वाट्या भराभर रिकाम्या झाल्या.

तेव्हापासून सभागृहात रोज गर्दी. बिटाचं तोंड वेगळं, पालकाचं वेगळं. वांग्याच्या वेळी तर मामांचे डोळे नाकाजवळ एकत्र यायचे. मुलं घरी जाऊन त्या नकला करायची, आणि नक्कल नीट जमावी म्हणून तीच भाजी मागायची. आया चक्रावून गेल्या.

काही आठवड्यांनी मात्र घोटाळा झाला. मामांनी भोपळ्याचा चमचा तोंडात घातला, मुलं श्वास रोखून बसली, आणि काहीच झालं नाही. मामांनी शांतपणे गिळलं आणि नकळत दुसरा चमचा घेतला.

"मामा, तोंड?" चिमणीने विचारलं.

मामांनी घाईघाईने भुवया वर केल्या.

"खोटं आहे हे! तुम्हाला आवडतंय!"

मामा लाजेने लाल झाले. "चुकून लागली गं चव..."

खेळ बंद पडतो की काय, अशी नर्सबाईंना धास्ती वाटली. पण मामी शांतपणे उठल्या आणि दुसऱ्या दिवशी कारल्याची भाजी करून घेऊन आल्या. पहिल्याच घासाला मामांचा चेहरा असा काही गोळा झाला की मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते तोंड शेवटपर्यंत अस्सलच राहिलं.

पुढच्या तपासणीला चिमणीची पट्टी हिरव्यावर थांबली. नर्सबाईंनी ती दोनदा लावून पाहिली आणि मग तिसऱ्यांदा, फक्त बघून बरं वाटतं म्हणून. आनंदाच्या भरात त्यांनी मामांनाही काट्यावर उभं केलं. लोण्याचा पाव सुटला होता, पोट ओसरलं होतं आणि सदऱ्याची बटणं सुखाने नांदत होती. काटा बराच खाली आला होता.

"मामांचं वजन घटलं!" कोणीतरी ओरडलं, आणि मुलांमध्ये हलकल्लोळ माजला. वजन घटलं की काय होतं, हे आता त्यांना पाठ झालं होतं. दोघांनी मामांचा दंड धरला, एकाने पट्टी आणली. ती अर्ध्यावरही पुरेना.

"घाबरू नका, त्यांचं घटलेलंच बरं," नर्सबाई हसत समजावत होत्या, पण ऐकतंय कोण! चिमणीने आपल्या ताटातल्या अंड्याचा मोठा अर्धा भाग उचलला आणि मामांच्या हातावर ठेवला.

"खा मुकाट्याने," ती म्हणाली. "वाळलात किती!"

मामा मांडी घालून तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी अंड्याचा कणन् कण खाल्ला. ती नीट लक्ष ठेवून होती.