दीपगृहाच्या फोटोला घातलेला हार

निरोप आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. मिलमधला जॉबर, ह्यांच्या हाताखालचा मुकादम, सायकलवरून आला आणि जिन्याच्या तळाशी उभा राहून म्हणाला, "बाईजी, जरा नीचे आ जाओ. मास्टरसाब..." हे विणकामाच्या मागांच्या खात्यात उभ्या उभ्या कोसळले आणि गेले. तो माणूस उभा होता ती जागा ह्यांची. आमच्या मल्हारगंजातल्या घराचा गच्चीचा जिना उभा, लोखंडी आहे. हे तो कधी चढले नाहीत. खालूनच विचारायचे, "काय दिसतंय गं?" मग मी सांगायची, मिलची चिमणी, कोणाच्या गाद्या उन्हात, कोणाचा पतंग तारेत. लोकांना वाटे, एवढा मोठा वीव्हिंग मास्तर पापडांच्या गच्चीवर कशाला चढेल.

ह्यांना जाऊन आता दीड महिना झाला. काल रविवारच्या पुरवणीत दाते वकिलांनी ह्यांच्यावर लेख लिहिला. वकील ह्यांचे जिवलग मित्र. सगळा लेख जपानच्या दीपगृहावर आहे. वाचून मला रडू आलं नाही, राग आला. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. पुरवणीत कोण छापणार माझं? म्हणून वहीत लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मिलने ह्यांना नवे माग बघायला जपानला पाठवलं, आठ महिन्यांसाठी. ह्यांचं पोट नाजूक, बाहेरचं अन्न सोसत नसे, म्हणून मला नेलं. वकील म्हणाले होते, "वा, स्वयंपाकघर बरोबरच घेऊन चाललात." मीही हसले. हसायला नको होतं. तिथे एका सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले एक गृहस्थ आम्हाला होडीने जवळच्या बेटावर घेऊन गेले. बेटाच्या टोकाला पांढरं दीपगृह होतं. आतून गोल गोल लोखंडी जिना आणि वर उभं राहून समुद्र बघायला सज्जा. ते गृहस्थ होडीवाल्याबरोबर सावलीत बसले, आम्ही दोघं चढू लागलो. पहिल्याच वळणावर हे थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, कपाळावर घाम. मला वाटलं, पोट दुखतंय. म्हणाले, "मला उंची सोसत नाही. कोणाला बोलू नकोस. तू जा, बघून ये आणि मला सांग." घरच्या जिन्याचं कारण मला त्या वळणावर कळलं.

मी एकटी वर गेले. वारा इतका की पदर हातात राहीना. दिवा सांभाळणारा एक म्हातारा होता. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि आपली दुर्बीण माझ्यापुढे धरली. मला कधी कोणी काही असं वाकून दिलं नव्हतं. समोर चार बेटं होती. चौथं एवढंसं की त्यावर दोनच झाडं मावली होती. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. कोणी हाक मारत नव्हतं, चुलीवर काही नव्हतं. खाली गवतावर हे कॅमेरा वर करून उभे होते. परतताना होडीत मी सगळं सांगितलं. दुधावर साय धरावी आणि फुंकर घातली की ती सुरकुतावी, तसा समुद्र दिसतो वरून, म्हटलं. हे डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. माझं बोलणं असं कोणी ऐकलं नव्हतं. राग येतो तो याचाच... ते ऐकणं खरं होतं.

इंदूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बैठकीत मिलचे लोक, मध्यभारत सरकारातले दोन कारकून आणि वकील जमले. हे सांगत होते, "मी वर गेलो. समुद्र कसा, तर दुधावरची साय." वकील इंदुरी थाटात म्हणाले, "मान गए भिया. मागांच्या खडखडाटात ही उपमा सुचते कुठून?" मग, "वहिनी चढल्या का?"

"ती? ती खाली चपला सांभाळत बसली होती."

सगळे हसले. तो फोटो भिंतीवर लागला. सज्ज्यावर बोटाच्या पेराएवढं माणूस, वाऱ्यावर काहीतरी उडतंय. हे म्हणायचे, तो माझा कोट. फोटो काढला कोणी, हे त्या शहाण्यांपैकी एकानेही विचारलं नाही. एकदा हे "तीन बेटं" म्हणाले आणि दाराआडून माझ्या तोंडून गेलं, "चार." हे थबकले. मग हसून म्हणाले, "हिला खालून बरी चार दिसली." वकील म्हणाले, "वहिनी, पोहे आणा, बेटं राहू द्या." मी पोहे आणले. त्या दिवसापासून ह्यांनी जिन्याखालून "काय दिसतंय?" विचारलं, की मी म्हणायची, "काही नाही." ते जरा वेळ थांबायचे आणि जायचे. गेले त्या सकाळीही विचारलं होतं. मी तेच म्हटलं.

तेराव्याला ह्यांचा धड फोटो सापडेना, तेव्हा धाकट्या दिरांनी, मधुभाऊजींनी, दीपगृहाचाच फोटो पाटावर ठेवला. हार घातला आणि गंधाचं बोट नेमकं सज्ज्यावरच्या माणसाला लावलं. एकेक जण येऊन नमस्कार करत होता. मी समोर बसून बघत होते, माझंच तेरावं.

काल लेख वाचला आणि वाळलेला हार काढून टाकला. गंध ओल्या फडक्याने पुसलं. भाऊजी आले तेव्हा फोटो माझ्या हातात होता.

"वहिनी, दादांचा हार का काढलात?"

"ह्यात दादा नाहीत. ही मी आहे. जिवंत माणसाला असा हार घालत नाहीत, भाऊजी."

त्यांनी फोटो खिडकीशी नेला, चष्मा पुसला. बराच वेळ बघून म्हणाले, "हा तर पदर आहे." मग म्हणाले, "मग दादा कुठे होते?"

"फोटो काढत होते."

"ते वर का नाही गेले?"

तेवढं मी सांगितलं नाही. शब्द दिला होता. त्यांनी माझे शब्द आपले केले, मी त्यांना दिलेला मोडणार नाही.

आज पापड घेऊन गच्चीवर गेले. जिन्याच्या तळाशी कोणी नव्हतं. मी कठड्याशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, खालच्या गल्लीला ऐकू जाईल एवढं. चिमणीतून धूर निघतोय. समोरच्या गच्चीवर लाल गादी. तारेत दोन पतंग, एक फाटका.

हे मी पाहिलं आहे.