परतीचं तिकीट

सतरा वर्षं परदेशात वेल्डिंग करून तो घरी परतला आणि चौथ्याच दिवशी त्याच्या मनात पाल चुकचुकली. बॅगेची चेन तो नेहमी डाव्या टोकाला आणून बंद करायचा. आज ती उजवीकडे होती. आतले शर्ट घडीतच होते, पण घडी त्याच्या हातची नव्हती.

वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहायचा. घराच्या कागदांचा विषय निघाला की हमखास उठून जायचा. 'यालाच कागद हवे असणार,' त्याने मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जातो म्हणून तो निघाला आणि पाच मिनिटांत माघारी आला. खोलीत बॅग उघडी होती आणि बायको अस्तराखाली हात घालून चाचपत होती.

"काय शोधतेस?"

ती दचकलीसुद्धा नाही. "परतीचं तिकीट. मागे दोन्ही वेळा 'आता कायमचा आलो' म्हणालात आणि तिकीट इथेच सापडलं."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि खरा चोर आपणच, हेही. त्याने बॅग पलंगावर उपडी केली. "बघ, नाहीये."

"हल्ली ते फोनमध्ये असतं."

त्याने फोन पुढे केला. त्याला वाटलं, ती हसून नको म्हणेल. तिने चष्मा लावला आणि सगळं निवांत तपासलं. मग उठून कपाटातला एक खण त्याच्यासाठी रिकामा केला.

"बाकीचं सहा महिन्यांनी बघू," ती म्हणाली.